पत्रांतला गालिब : कवीचा स्वभाव कुठे शोधावा?



 कवीची पत्रं त्याच्या स्वभावाविषयी काय सांगतात, हा आजचा प्रश्न आहे. त्याचं एक ठरलेलं उत्तर आपण सगळेच देतो: कवी कवितेत नटतो आणि पत्रात खरा बोलतो. पत्रं वाचली की पडदा बाजूला होतो आणि मूळ माणूस दिसतो. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. पत्रसुद्धा कोणाला तरी उद्देशून लिहिलेलं असतं. कोणाला कर्ज मागायचं असतं, कोणाचं सांत्वन करायचं असतं, कोणाची मर्जी राखायची असते. एकेक पत्र सुटं वाचलं तर कवीची त्या दिवसाची गरज कळते. त्याचा स्वभाव कळायला पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचावी लागतात. माणूस कोणापुढे वाकतो, कोणाला सावरतो आणि कोणाविषयी गप्प राहतो, हे त्यांतून दिसतं. ही गोष्ट मी आज मिर्झा असदुल्ला खान गालिबच्या पत्रांच्या आधाराने मांडणार आहे.

गालिबच का? एक कारण असं, की त्याच्या गझलेतून त्याचा स्वभाव काढू पाहणारा हमखास फसतो. गझलेतला ‘मी’ परंपरेने ठरवून दिलेला असतो. तो झुरतो, बदनाम होतो, मद्य पितो, उपदेशकाला उडवून लावतो. फार्सी आणि उर्दू शायरांच्या कितीतरी पिढ्यांनी हा ‘मी’ वापरला. गालिबने त्याला अफाट बुद्धी दिली, पण म्हणून तो ‘मी’ गालिब ठरत नाही. दुसरं कारण पत्रांच्या विपुलतेचं. त्याची आठशेहून अधिक उर्दू पत्रं आज उपलब्ध आहेत. ‘ऊद-ए-हिंदी’ हा पहिला संग्रह ऑक्टोबर १८६८ मध्ये निघाला. १५ फेब्रुवारी १८६९ ला गालिब गेला आणि पुढच्याच महिन्यात ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हा दुसरा संग्रह आला. सेतुमाधवराव पगडींनी मराठी वाचकाला गालिबची गझल समजावून दिली, त्यामुळे आपल्याकडे शायर गालिब ओळखीचा आहे. पत्रलेखक गालिबची ओळख मात्र व्हायची राहिली आहे.

आधी ही पत्रं कशी आहेत ते पाहू. त्या काळी सुशिक्षित माणूस पत्र लिहायचा ते फार्सीत, आणि फार्सी पत्राचा मायना भला लांबलचक असायचा. आपल्या जुन्या पत्रांतला ‘शिरसाष्टांग नमस्कार विज्ञापना विशेष’ आठवा आणि तो चार-पाच पट वाढवा. मजकुरापर्यंत पोहोचेतो वाचणाऱ्याची दमछाक व्हायची. गालिबनेही तरुणपणी अशीच फार्सी पत्रं लिहिली. १८५० च्या सुमाराला तो उर्दूकडे वळला आणि त्याने मायना जवळजवळ काढूनच टाकला. मियाँ, भाई, मेरी जान, असं काहीतरी म्हणून तो एकदम बोलायला लागतो. मध्येच समोरच्याचा प्रश्न स्वतःच विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो. पत्राला आपण गप्पांचं रूप दिलं, याचा त्याला रास्त अभिमान होता.

एक पत्र जवळून पाहू. हरगोपाल तफ्ता हा सिकंदराबादचा कायस्थ, फार्सीत लिहिणारा शायर आणि गालिबचा लाडका शागीर्द. १८५७ च्या उठावानंतरच्या तंगीत त्याने उस्तादाला शंभर रुपयांची हुंडी पाठवली. गालिब उत्तरात हिशेब देतो. हुंडी वटली. दारोग्यामार्फत उसने घेतलेले चोवीस रुपये चुकते केले. पन्नास जनानखान्यात पाठवले. सव्वीस उरले, ते पेटीत ठेवले. चाकर कल्याण बाजारात सौदा आणायला गेला आहे; लवकर आला तर पत्र आज टपालात पडेल, नाहीतर उद्या. आणि मग, त्याच दमात: दिवस वाईट आले आहेत, शेवट चांगला दिसत नाही, आता सगळं संपल्यातच जमा आहे.

या दहा-बारा ओळींत काय काय आहे बघा. शिष्याकडून पैसे घेतल्याची लाज त्याने लपवलेली नाही, आणि तिचं भांडवलही केलेलं नाही. पै-पैचा हिशेब देऊन त्याने देणाऱ्याचा मान ठेवला. घरातल्या चाकराचं नाव पत्रात सहज येतं, कारण वाचणारा कल्याणला ओळखतो. आणि निराशा सांगायला त्याला एक वाक्य पुरतं. इतकं नेमकं गद्य उर्दूत त्याआधी क्वचितच कोणी लिहिलं असेल.

पण इथेच एक शंका घेतली पाहिजे. हा सहजपणा कितपत सहज आहे? १८५८ च्या अखेरीस तफ्ता आणि आग्र्याचे छापखानेवाले मुन्शी शिवनारायण यांनी पत्रं छापायची कल्पना काढली, तेव्हा गालिबने साफ नकार दिला. ही पत्रं घाईत लिहिलेली, खासगी बाबींची. ती छापल्याने माझ्या लौकिकाला उणेपणा येईल, असं त्याचं म्हणणं. पुढे मात्र त्याने होकार दिला आणि संग्रहाला मदतही केली. म्हणजे नंतरची पत्रं लिहिताना हे कधीतरी छापलं जाईल हे त्याला ठाऊक होतं. म्हणून पत्र वाचताना तीन गोष्टी कधीही सोडू नयेत: तारीख कोणती, लिहिलं कोणाला, आणि लिहिणाऱ्याला त्या वेळी काय हवं होतं.

या तीन प्रश्नांची खरी कसोटी १८५७ ला लागते. सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि शहरावर सूड उगवला. गालिब बल्लीमारानमधल्या घरात अडकून पडला. पतियाळाच्या महाराजांचे पहारेकरी त्या गल्लीत होते म्हणून गल्ली वाचली. ऑक्टोबरमध्ये त्याचा वेडा भाऊ मिर्झा यूसुफ गेला. कफनाला कापड मिळेना, कबर खणायला माणूस मिळेना, अशी स्थिती. बादशहाकडचं वेतन बंद पडलं. इंग्रजांकडून मिळणारं पेन्शनही थांबलं.

या पेन्शनची गोष्ट आपल्या इतिहासाला येऊन भिडते. गालिबचे चुलते नसरुल्ला बेग खान मराठ्यांच्या वतीने आग्र्याचा कारभार पाहत होते. १८०३ मध्ये लॉर्ड लेकची फौज आली, आग्रा इंग्रजांकडे गेलं आणि नसरुल्ला बेग त्यांच्या चाकरीत गेले. ते वारल्यावर कुटुंबाला जे पेन्शन बांधून दिलं, त्यातला गालिबचा वाटा वर्षाला साडेसातशे रुपये, म्हणजे महिन्याला बासष्ट रुपये आठ आणे. आपला वाटा जास्त होता अशी त्याची खात्री होती. त्यासाठी तो कलकत्त्यापर्यंत गेला, वर्षानुवर्षं अर्ज करत राहिला आणि हरला.

तर १८५८ मध्ये गालिब दोन प्रकारचं लेखन एकाच वेळी करत होता. पहिलं म्हणजे ‘दस्तंबू’ हे उठावाच्या दिवसांचं फार्सी रोजनिशीवजा पुस्तक. त्यात बंडवाल्यांची निंदा आहे आणि इंग्रजांची स्तुती. ते गव्हर्नर जनरलला आणि राणीला नजर करून पेन्शन सुरू करून घ्यावं, हा हेतू त्याने मित्रांपासून लपवला नाही. दुसरं लेखन पत्रांचं. पुस्तक आग्र्याला छापलं जात असताना तो तफ्ताला, शिवनारायणला सारख्या सूचना पाठवतो: कागद असा हवा, बांधणी अशी हवी. अरबी शब्द न वापरता फार्सी लिहायची अशी त्याने प्रतिज्ञा केली होती. मग लक्षात येतं, की ‘नहीब’ हा एक अरबी शब्द चुकून राहिला आहे. लगेच पत्र जातं: तो शब्द चाकूने खरवडा आणि तिथे ‘नवा’ लिहा. शहर बेचिराख झालेलं, घरात दाणा नाही, आणि हा गृहस्थ एका शब्दासाठी छापखान्याला वेठीला धरतो. मला यात त्याचा हट्ट दिसतो आणि त्याचा धर्मही दिसतो. सत्तेला खूश करायला लिहिलेल्या पुस्तकातसुद्धा भाषेशी तडजोड नाही.

त्याच काळातल्या पत्रांतला सूर मात्र वेगळा आहे. सुरुवातीला तो भीतीने हात आखडता घेतो. सगळं लिहिता येत नाही, एवढंच सुचवतो. पुढे पानिपतला गेलेल्या मीर मेहदी मजरूहला तो सांगतो, की दिल्ली म्हणजे किल्ला, चांदणी चौक, जामा मशिदीपाशी रोज भरणारा बाजार, आठवड्याला यमुनेच्या पुलावरची सैर आणि वर्षाला फुलवाल्यांचा मेळा. या पाचांपैकी एकही उरलेलं नाही, मग दिल्ली कुठली? कोणते बाजार पाडले, कोणते रस्ते नाहीसे झाले, याच्या नोंदी तो पत्रांमागून पत्रांत करत जातो. आणि तफ्ताला लिहिताना तो मेलेल्यांची आठवण काढतो. मारल्या गेलेल्या इंग्रजांत कोणी माझा आधार होता, कोणी स्नेही, कोणी मित्र, कोणी शागीर्द. हिंदुस्थानी लोकांतही कोणी नातलग, कोणी मित्र, कोणी शागीर्द, कोणी प्रिय व्यक्ती. सगळे मातीत गेले. इतके गेले, की आता मी मेलो तर रडायलाही कोणी उरणार नाही.

‘दस्तंबू’ खोटं आणि पत्रं खरी, असा सोपा निकाल देऊ नका. इंग्रज मित्रांसाठीचा त्याचा शोक पत्रातही आहे. फरक एवढाच, की पुस्तकात मुख्यतः एका बाजूचे मेलेले मोजले आहेत आणि पत्रात दोन्ही बाजूंचे. पोटासाठी त्याने अर्धं सांगितलं आणि मित्राला पूर्ण सांगितलं. या माणसाला भीती होती, गरज होती, आणि तरीही दुःखाची वाटणी जातधर्म पाहून करणं त्याला जमलं नाही. मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती, साऱ्या मनुष्यजातीला मी आपलं मानतो, भाऊ समजतो, असं त्याने तफ्तालाच एका पत्रात लिहून ठेवलं आहे. हे विधान सभेत केलेलं नाही. एका हिंदू शिष्याला मुसलमान उस्तादाने घरगुती पत्रात सांगितलेली ती गोष्ट आहे, आणि शिष्याशी तो तसाच वागला. म्हणून तिला किंमत.

आता त्याच्या उण्या बाजूंकडे. जुलै १८५९ पासून रामपूरचे नवाब यूसुफ अली खान त्याला महिना शंभर रुपये देऊ लागले. रामपूर दरबाराच्या दफ्तरात त्याची पत्रं जपली गेली आणि इम्तियाज अली अर्शी यांनी १९३७ मध्ये ती छापली. या पत्रांत दुवा आहेत, स्तुती आहे, मागणं आहे. म्हातारपणी, आजारपणात तो पुढचे नवाब कल्ब अली खान यांना कर्ज फेडून टाकण्यासाठी विनवतो, ते वाचताना जीव गलबलतो. आणि हाच माणूस दुसऱ्या कोणी पत्त्यात मोहल्ल्याचं नाव घातलं तर रागावतो. माझं नाव आणि दिल्ली एवढं लिहा, पत्र पोहोचेल. मी काय कोणी अनोळखी आहे? स्वतःला सेल्जुक तुर्कांचा, अफरासियाबाचा वंशज म्हणवून घेणारा आणि शंभर रुपयांसाठी हात जोडणारा, हे दोघे एकाच कातडीत राहत होते.

ते एकत्र कसे राहू शकले, याचं उत्तर कुर्बान अली बेग सालिकला लिहिलेल्या पत्रात मिळतं. गालिब म्हणतो, मी स्वतःकडे परक्यासारखा पाहायला शिकलो आहे. अपमान झाला, दुःख आलं, की म्हणतो: घ्या, गालिबला आणखी एक जोडा बसला. फार मिजास होती, मोठा शायर म्हणवत होता, आता सावकारांना तोंड दे. कर्ज देणारे गळपट्टी धरून उभे आहेत आणि तो त्या गळपट्टीतल्या माणसाला नवाबसाहेब म्हणून हाक मारून जाब विचारतो. माझ्या मते, गालिबच्या स्वभावाची किल्ली या पत्रात आहे. कितीतरी माणसं अपमान नाकारून जगतात किंवा त्याखाली चिरडून जातात. गालिबने तिसरी वाट काढली. अपमान त्याने पूर्ण मान्य केला आणि स्वतः बाजूला उभा राहून त्याचा साक्षी झाला. त्याच्या गझलेतला तो चमत्कारिक तटस्थपणा कुठून आला असेल, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी हे पत्र वाचावं.

सांत्वनाची दोन पत्रं शेजारी ठेवतो. आग्र्याचा मित्र हातिम अली बेग मेहर याची प्रेयसी वारली. गालिब आधी आपल्याही तरुणपणीच्या अशाच एका दुःखाची कबुली देतो. पण मेहरचा शोक सरेना, तेव्हा सूर बदलतो. साखरेवरची माशी व्हावं, मधावरची होऊ नये, असं सांगतो. स्वर्गात एकच अप्सरा कायमची गळ्यात पडली तर जीव कसा विटेल, याचं वर्णन करून मित्राला हसवू पाहतो. दुसरं पत्र यूसुफ मिर्झा या तरुणाला, त्याचे वडील गेल्यावर. इथे थट्टेचा मागमूस नाही. धीर धर म्हणणं ही जगाची झिजून गेलेली रीत आहे, असं तो म्हणतो. एखाद्याचं काळीज कापलं गेलंय आणि लोक त्याला सांगतात तडफडू नकोस. अरे, तो तडफडणार नाही तर काय करील?

एका शोकावर हसू आणि दुसऱ्यापुढे नतमस्तक. सोपा उपदेश दोन्ही ठिकाणी नाही. समोरचा माणूस कोण, त्याची जखम कोणती, कुठे हसवलेलं चालेल आणि कुठे नुसतं शेजारी बसावं, हे त्याला अचूक कळत होतं. सात मुलं झाली आणि एकही तान्हेपणापलीकडे जगलं नाही. मुलासारखा वाढवलेला आरिफ १८५२ मध्ये ऐन तारुण्यात गेला. सांत्वनाच्या शब्दांचा पोकळपणा त्याने अनुभवला होता.

आणि आता ज्या व्यक्तीबाबत ही जाण त्याला सोडून गेली, तिच्याविषयी बोललं पाहिजे. उमराव बेगम, त्याची पत्नी. लोहारूच्या अलाउद्दीन अहमद खान अलाईला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात गालिब आपलं आयुष्य कैदेच्या रूपात सांगतो. जन्म म्हणजे खटल्यासाठी झालेली रवानगी. तेरा वर्षं कोठडीत काढल्यावर जन्मठेप झाली आणि पायात बेडी पडली, म्हणजे लग्न झालं. दिल्ली हा तुरुंग आणि लिहिणं ही सक्तमजुरी. मध्ये पळालो, पूर्वेकडे तीन वर्षं भटकलो, कलकत्त्याहून धरून आणलं. आरिफची दोन मुलं घरात आली, त्या आणखी दोन हातकड्या. रचना म्हणून हे पत्र अप्रतिम आहे. पण जिने सात मुलं पुरली, तिला बेडी म्हणणं अन्यायाचं आहे, आणि तो मी कलेच्या नावाखाली झाकणार नाही. आठशेहून अधिक पत्रांत तिच्या दुःखाला स्वतःची अशी जागा नाही. गालिबच्या मागे कर्जफेडीसाठी तिला रामपूरच्या नवाबाकडे अर्ज करावे लागले आणि वर्षभरात तीही गेली. दूरच्या मित्राची नस ओळखणाऱ्या कवीला घरातली नस दिसली नाही. पत्रं स्वभाव दाखवतात ती अशीही, त्यांतल्या मौनाने.

मग शेवटी तोल कुठे जातो? माझ्या लेखी, रोजच्या कामाकडे. गावोगावचे शागीर्द कविता पाठवायचे. गालिब त्या तपासून, शब्द बदलून, कारण देऊन परत करायचा. पाऊस दोन तास पडला तर माझं छत चार तास गळतं, असं अलाईला लिहिणारा हा माणूस त्या गळक्या घरात बसून दुसऱ्यांचे शेर दुरुस्त करत होता. डोळे गेले, हात थरथरू लागले, तेव्हा कृपा करून आता कविता पाठवू नका, अशी विनंती त्याने वर्तमानपत्रात छापली. तरी टपाल थांबलं नाही. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्याने अलाईच्या पत्राला उत्तर सांगितलं, असं त्याचा शिष्य आणि चरित्रकार हाली यांनी लिहून ठेवलं आहे: मला काय विचारता, एक-दोन दिवसांनी शेजाऱ्यांना विचारा. अखेरपर्यंत त्याने पत्राला उत्तर देण्याचं सोडलं नाही. माझ्या मते हाच त्याच्या स्वभावाचा गाभा. अभिमान, लाचारी, थट्टा आणि अन्याय हे सगळं मोजून झाल्यावर उरतो तो हाकेला ओ देणारा माणूस.

मित्रहो, हे आपल्याला कळू शकलं ते काही माणसांनी पत्रं फेकली नाहीत म्हणून. तफ्ताने जपली, मजरूहने जपली, रामपूरच्या दफ्तराने जपली. अर्शींनी रामपूरची पत्रं तारखांसह छापली आणि याचना असलेल्या जागाही गाळल्या नाहीत. आपल्या मराठी कवींची पत्रं आज कितीतरी घरांत ट्रंकांत, फडताळांत पडून आहेत, आणि ज्यांना अक्षर ओळखू येतं त्या पिढ्या वयोवृद्ध झाल्या आहेत. तुमच्यापैकी कोणाकडे अशी पत्रं असतील तर पाकिटासह ठेवा, कारण पाकिटावर तारीख आणि गाव असतं. कोण कोणाला काय म्हणत होतं, त्याची दोन ओळींची नोंद करा. एखाद्या चांगल्या ग्रंथालयाकडे प्रत द्या. आणि छापण्याची वेळ आली तर कवीची प्रतिमा सांभाळण्यासाठी अडचणीची वाक्यं गाळू नका. त्या वाक्यांवाचून उरतो तो कवीचा पुतळा, आणि पुतळ्याला कोणी पत्र लिहीत नाही.